कमी दिवसांच्या बाळाची कातडी सुटू लागली, तर कोणतं औषध थांबवायचं?

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०:१५

एनआयसीयू आणि एसएनसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता आणि विशेष काळजी विभागांत) काम करणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. विषय आहे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना औषधांमुळे होणारे त्वचेचे गंभीर विकार. स्टीव्हन्स-जॉन्सन आणि त्याचं मोठं रूप टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, पुढे नुसतं 'टेन' म्हणेन.

चर्चेला धरून बसायला एक कल्पित बाळ घेऊ. २८ आठवड्यांचं, वजन एक किलो. पहिल्या दिवसापासून कॅफिन. पहिले पाच दिवस अँपिसिलिन आणि जेंटामायसिन. दुसऱ्या दिवशी झटके आले म्हणून फेनोबार्ब, ते अजून चालू. तिसऱ्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा, बुरशी होऊ नये म्हणून, फ्लुकोनाझोल. दहाव्या दिवशी रक्त दिलं. तेराव्या दिवशी बाळ मलूल झालं म्हणून मेरोपेनेम आणि व्हॅन्कोमायसिन ही अँटिबायोटिकं. सोळाव्या दिवशी छातीवर गडद लाल चट्टे, सतराव्याला फोड, अठराव्याला पोटावरची साल ओल्या कागदासारखी सरकायला लागली.

अशा वेळी राउंडला दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो सगळं बंद करा, दुसरा म्हणतो इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक वाढवा. मला दोन्ही घाईचे वाटतात. आधी तारखांचा कागद हवा. तुम्ही कुठून सुरुवात कराल?

त्वचा_कोकण | सोमवार, रात्री १०:५०

सुरुवात तोंडापासून. तोंडाच्या आत काय आहे, डोळे कसे आहेत, लंगोटाखाली काय आहे? एवढं कळल्याशिवाय पुढे बोलता येत नाही.

व्हेंटिलेटरवरच्या बाळात नेमकं हेच झाकलेलं असतं. ट्यूबची टेप ओठांवर, फोटोथेरपीची पट्टी डोळ्यांवर, लंगोट खाली. ओठांच्या आतल्या जखमा 'ट्यूबने घासलं' म्हणून सोडून दिल्या जातात. टेप सलाइनने भिजवून, हलक्या हाताने सोडवून, टॉर्च लावून बघावं लागतं.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ११:०५

निकोल्स्की बघितलं का? बोटाने घासल्यावर साल सरकते का?

त्वचा_कोकण | सोमवार, रात्री ११:२०

गोदाकाठ, २८ आठवड्यांच्या बाळावर ती तपासणी करूच नका. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या कातडीवर शिंगट थराचे दहा ते वीस पापुद्रे असतात. तीस आठवड्यांच्या आत दोन-तीनच, आणि २४ आठवड्यांच्या आसपास जवळपास नसतातच. खालचा थर आणि वरचा थर यांना जोडणारे धागेही कमी. नुसती टेप ओढली तरी साल येते, म्हणजे निरोगी बाळातही ती खूण 'आहे' असंच दिसेल. त्यातून कळत काही नाही आणि जखम मात्र वाढते.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४०

उदाहरणात असं धरू: ओठांच्या आत पांढरट साल सुटलेली, पापण्या चिकटलेल्या, नेत्रश्लेष्मल लाल.

पाळणाघर_डॉक | मंगळवार, सकाळी ६:३०

तरीसुद्धा 'औषधच' म्हणण्याआधी एक पायरी थांबायला हवं. नवजात बाळात खरं टेन फार विरळ. ती प्रतिक्रिया टी-पेशी घडवतात आणि कमी दिवसांच्या बाळाची ती फौज अजून कच्ची असते. म्हणून याच वयात टेनसारखं दिसणारं दुसरंच काहीतरी निघण्याची शक्यता जास्त. मी मनात हा क्रम धरते.

सर्वांत आधी स्टॅफिलोकोकसची 'भाजल्यासारखी' कातडी. जंतूचं विष डेस्मोग्लीन-१ हा दुवा तोडतं, म्हणून साल अगदी वरच्या थरातून निघते. तोंडाभोवती खपल्या दिसतात, पण तोंडाच्या आतलं अस्तर शाबूत राहतं, कारण तिथे डेस्मोग्लीन-३ काम सांभाळतं. नवजाताची किडनी ते विष लवकर बाहेर टाकत नाही, म्हणून याच वयात ते जास्त. शेजारच्या पेटीतल्या बाळालाही फोड आले असतील तर औषधाचा विचार बाजूला ठेवा आणि हातांच्या स्वच्छतेकडे वळा.

फोडातल्या पाण्याचं कल्चर पाठवून 'काही उगवलं नाही' म्हणणं ही नेहमीची चूक आहे. विष रक्तातून आलेलं असतं, फोडात जंतू नसतोच. स्वॅब नाक, डोळा, नाळ आणि जांघेतून घ्यायचा.

दुसरं कँडिडा, म्हणजे बुरशी. एक किलोच्या आतल्या बाळात जन्मजात कँडिडा पहिल्या काही दिवसांत भाजल्यासारखा लालभडक दिसतो आणि साल निघते. साल खरवडून केओएच द्रावणात (त्यात बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसते) बघायला दहा मिनिटं लागतात. ती न बघता स्टेरॉइड दिलं तर बाळ हातचं जातं.

तिसरं एपिडर्मोलिसिस बुलोसा, जन्मतःच नाजूक कातडीचा आनुवंशिक आजार. फोड जन्मतः किंवा पहिल्या दिवशी, घासणाऱ्या जागी: टाच, नावाच्या पट्टीखाली, कानामागे.

चौथं हर्पिस. पाचवं सिफिलिस, तळहात-तळपाय बघा आणि आईची व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्तचाचणी) शोधा.

रक्तपेढी_२४ | मंगळवार, सकाळी ७:१०

सहावं मी जोडतो, कारण ते कुणाच्या ध्यानात येत नाही. दहाव्या दिवशी दिलेलं रक्त कुणाचं होतं?

वडिलांचं किंवा काकांचं रक्त थेट बाळाला, ही आपल्याकडची मायेने केलेली चूक आहे. जवळच्या नातेवाइकाच्या लिम्फोसाइट बाळाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथे रुजतात आणि बाळावरच उलटतात. ताप, पुरळ, साल निघणं, जुलाब, कावीळ, आणि मग सगळ्याच रक्तपेशी घसरतात. मोठ्यांत हे साधारण आठ-दहा दिवसांनी दिसतं, नवजातात बरंच उशिरा, महिन्याच्या आसपास. उदाहरणात सहाच दिवस झालेत, म्हणून शक्यता कमी. तरी सीबीसी बघा. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट एकदम कोसळत असतील तर हाच विचार पुढे आणा.

उपाय आधीच करायचा असतो. पिशवीला २५ ग्रेचं विकिरण. नुसता ल्यूकोसाइट फिल्टर त्याला पर्याय नाही. आणि नातेवाइकांना प्रेमाने समजवायचं की रक्त पेढीत द्या, बाळाला दुसऱ्याचं मिळेल.

अबोली_फुलं | मंगळवार, सकाळी ७:२५

माझी बहीण एसएनसीयूत सिस्टर आहे, तिला हा धागा पाठवला. ती विचारते, फोटोथेरपीच्या दिव्यानेही असं होतं का?

पाळणाघर_डॉक | मंगळवार, सकाळी ७:५०

होतं, आणि ओळखायची खूण सोपी आहे. रक्त दिलेल्या, कावीळ असलेल्या बाळात पोर्फिरिन नावाची उजेडाला संवेदनशील द्रव्यं साठतात आणि निळ्या उजेडात कातडी जांभळट लाल होते, कधी फोड येतात. ईसीजीच्या चकत्या, डोळ्यांची पट्टी आणि लंगोट यांच्याखालची कातडी मात्र जशीच्या तशी राहते. चकती काढल्यावर तिच्या आकाराचा गोरा ठिपका दिसला की दिवा बंद करा. टेन असा सीमा पाळत नाही.

थेंबथेंब | मंगळवार, दुपारी १:१५

फार्मसीच्या बाजूने बोलतो. 'औषधाची प्रतिक्रिया' म्हणून येणाऱ्या बऱ्याच गोष्टी ॲलर्जी नसतातच, देण्याच्या पद्धतीतल्या असतात. त्यातलं व्हॅन्कोमायसिन पहिलं.

एक किलोच्या बाळाला १५ मिग्रॅ. ५ मिग्रॅ प्रति मिली केलं तर ३ मिली, ते किमान ६० मिनिटांत. जोरात गेलं तर मास्ट पेशी थेट फुटतात, चेहरा, मान, छाती काही मिनिटांत लाल होते, रक्तदाबही पडू शकतो. यात प्रतिकारशक्तीचा संबंध नाही. थांबवायचं, लाली ओसरली की निम्म्या गतीने पुन्हा. अशा बाळाच्या फाईलवर 'व्हॅन्कोमायसिन ॲलर्जी' लिहिलं तर पुढच्या वेळी गरजेचं औषध हातातून जातं.

आता खरी गोम. सिरिंज पंप तासभर अगदी नीट चालतो, आणि शेवटी सिस्टर लाइन फ्लश करतात. एक्स्टेन्शन लाइनमध्ये १ मिली औषध उरलेलं असतं, म्हणजे ५ मिग्रॅ, डोसचा तिसरा हिस्सा. तो दहा सेकंदांत बाळात जातो. लाली नेमकी 'औषध संपल्यावर' येते आणि सगळे बुचकळ्यात पडतात. फ्लशसुद्धा पंपाने, त्याच गतीने द्यायचा.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:४०

थेंबथेंब सर, हे प्रत्येक पंपावर चिकटवण्यासारखं आहे. ०.३ मिली मावणारी बारीक लाइन वापरली तरी बराच फरक पडतो.

सह्यकडा | मंगळवार, दुपारी २:३०

बाहेरून लावलेल्या औषधांचं काय? माझ्या मते या वयात सगळ्यात जास्त कातडी क्लोरहेक्सिडिन आणि स्पिरिटने जाते.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:१०

अगदी बरोबर, आणि हे सांगायला मी केव्हाची थांबले होते.

नाळेतून कॅथेटर घालताना पोटावर ओतलेलं द्रावण कुशीवरून ओघळून पाठीखाली साचतं. खाली चादर ओली, वर वॉर्मरची ऊब, वरून निर्जंतुक कापड झाकलेलं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पाठ आणि कमरेवर लाल, मग पांढरट, सुटलेली कातडी. आकार बघा: खालच्या बाजूला, सरळ कडेचा, ओघळासारखा. पोट ठीक आणि पाठ भाजलेली असेल तर उत्तर तिथेच मिळालं. २०१४ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने याच कारणासाठी इशारा काढला होता.

म्हणून २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत ७० टक्के अल्कोहोल असलेलं काहीही नको. पाण्यातलं सौम्य द्रावण, बोळा पिळून घेतलेला, ओतणं नाही. अर्धा मिनिट थांबायचं, काम झालं की निर्जंतुक पाण्याने पुसायचं, आणि पाठीखालची चादर लगेच बदलायची. पोव्हिडोन आयोडीन वापरलं तर तेही पुसायचंच, नाहीतर आयोडीन आत शिरून थायरॉइड दाबतं.

इतिहासातलं पान | मंगळवार, दुपारी ४:००

कातडीतून किती आत जातं याचं सर्वांत भयंकर उदाहरण फ्रान्समधलं. १९७२ मध्ये बाळांच्या एका टाल्कम पावडरीत चुकून सहा टक्क्यांच्या वर हेक्साक्लोरोफीन मिसळलं गेलं. २०४ मुलं आजारी पडली, ३६ गेली. मेंदूवर परिणाम होऊन गेली, आणि लंगोटाच्या जागी कातडी भाजल्यासारखी झाली होती.

आणि १९५६ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी लायेल यांनी टेनचं वर्णन केलं. त्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पेनिसिलिनबरोबर सल्फा दिलेली अपुऱ्या दिवसांची बाळं ऑक्सिटेट्रासायक्लिन दिलेल्यांपेक्षा जास्त दगावतात. सल्फा बिलिरुबिनला अल्ब्युमिनवरून ढकलतं आणि ते मेंदूत जातं. स्टॅफिलोकोकसच्या 'भाजल्या कातडी'चं वर्णन तर त्याहून जुनं, प्रागच्या रिटर यांचं, १८७८ चं, तिथल्या अनाथाश्रमातल्या २९७ बाळांवरून.

थेंबथेंब | मंगळवार, दुपारी ४:२०

आणि त्या सल्फाचा आजचा धडा: सुटलेल्या कातडीवर सिल्व्हर सल्फाडायझिन लावू नका. भाजलं म्हटलं की हात आपोआप त्या पांढऱ्या मलमाकडे जातो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते वर्ज्य आहे. सल्फा उघड्या जखमेतून सरळ रक्तात जातं, चांदीही जाते. आणि टेनचा संशय असताना सल्फा देणं म्हणजे संशयितालाच पहाऱ्याला बसवणं.

गोदाकाठ | मंगळवार, सायंकाळी ६:०५

सुई शिरेबाहेर गेल्याने होणारी जखमही यात धरायची का? कॅल्शियम ग्लुकोनेट चामडीखाली गेलं की काळं पडतं, आणि लोक तिथेही 'रिॲक्शन' लिहितात.

रात्रपाळी | मंगळवार, सायंकाळी ६:४०

थोडक्यात लिहिते, कारण ती एका जागी असते, अंगभर नसते. सुई लगेच काढू नका, आधी तिच्यातूनच जेवढं येईल तेवढं ओढून घ्या. कॅल्शियम किंवा टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) असेल तर हायल्युरोनिडेज, शक्यतो पहिल्या तासात. १५०० युनिटची कुपी १० मिली सलाइनमध्ये विरघळवा, त्यातलं १ मिली घेऊन पुन्हा १० मिली करा. झाले १५ युनिट प्रति मिली. सुजेच्या कडेने पाच ठिकाणी ०.२ मिली, दर वेळी नवी बारीक सुई. डोपामिन किंवा ॲड्रेनलिन बाहेर गेलं असेल तर हे द्यायचं नाही, तिथे फेंटोलामिन लागतं. गरम-थंड शेक नको.

स्लाइडघर | मंगळवार, रात्री ८:३०

पॅथॉलॉजीतून एक विनंती. बायोप्सीला घाबरून चार दिवस अंदाजावर काढले जातात. निदान त्याच रात्री होऊ शकतं.

आपोआप सुटलेली साल सलाइनच्या ओल्या गॉजमध्ये गुंडाळून लगेच पाठवा, फॉर्मालिनमध्ये नको. आम्ही ती गुंडाळून फ्रोझन सेक्शन करतो, म्हणजे गोठवून लगेच काप घेऊन बघतो. साल पातळ, फक्त वरच्या थरांची असेल तर स्टॅफिलोकोकस. पूर्ण जाडीची, खालपर्यंत मेलेली असेल तर टेनच्या बाजूने. यासाठी बाळाला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

शिवाय ३ मिमीची पंच बायोप्सी दोन ठिकाणी: एक ताज्या फोडाच्या कडेला, फॉर्मालिनमध्ये. दुसरी शेजारच्या न फुटलेल्या कातडीतून, इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (कातडीत साठलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी) मायकेल द्रावणात. दुसरी का, तर व्हॅन्कोमायसिनने लिनियर आयजीए नावाचा फोडांचा आजार होऊ शकतो आणि तो साध्या स्लाइडवर फसवतो. फॉर्मवर 'पुरळ' एवढंच लिहू नका, औषधांच्या तारखा लिहा.

पाळणाघर_डॉक | मंगळवार, रात्री ८:५५

बधिर करायला एक किलोच्या बाळाला एक टक्क्याचं लिग्नोकेन ०.४ मिलीच्या वर नाही. बधिर करणारं ते प्रिलोकेनचं मलम ३७ आठवड्यांच्या आत नको, मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन न वाहणारं हिमोग्लोबिन, वाढतं. मी तर आधी सुटलेली साल पाठवीन आणि पंचसाठी बाळ जरा स्थिर व्हायची वाट बघेन.

स्लाइडघर | मंगळवार, रात्री ९:१०

मान्य. पण वाट तासांची असावी, दिवसांची नाही.

त्वचा_कोकण | मंगळवार, रात्री ९:३०

मूळ प्रश्नाकडे येण्याआधी एक मतभेद नोंदवतो. पाळणाघर_डॉक यांची यादी योग्य आहे, पण ती संपेपर्यंत संशयित औषध चालू ठेवणं मला मान्य नाही. टेनमध्ये कारण असलेलं औषध जितक्या लवकर थांबेल तितकी जगण्याची शक्यता वाढते. तोंडात आणि डोळ्यांत जखमा असताना अहवालाची वाट बघू नये.

पाळणाघर_डॉक | मंगळवार, रात्री १०:००

कोकण सर, मीही तेच म्हणते, फक्त 'संशयित' कुठलं ते ठरवून. सेप्सिस असलेल्या बाळाचं मेरोपेनेम आंधळेपणाने काढलं तर ते बाळ सकाळपर्यंत राहणार नाही. टेनमध्येही शेवटी जीव जातो तो बहुधा सेप्सिसनेच.

थेंबथेंब | बुधवार, सकाळी ९:००

मग तारखा मांडूया. एक आडवा कागद. वर आयुष्याचे दिवस १ ते १८, डावीकडे प्रत्येक औषध. दिलेल्या प्रत्येक दिवशी रेघ. त्यात फ्लश, हेपरिन, लसी, डोळ्यांचे थेंब, आईचं दूध आणि आईची औषधंही लिहायची. मग पहिल्या खुणेच्या दिवशी उभी लाल रेघ. पहिली खूण म्हणजे फोड नव्हे, त्याआधीचा ताप, चिकट डोळे किंवा चट्टे. इथे दिवस १६ धरू.

टेन कोणत्या औषधाने झालं हे ठरवायला २०१० पासून वापरात असलेल्या आल्डेन गुणांकनात औषध सुरू झाल्यापासून ५ ते २८ दिवसांनी सुरुवात झाली तर सर्वांत जास्त गुण, २९ ते ५६ दिवसांना त्याहून कमी, १ ते ४ दिवसांना आणखी कमी. ५६ च्या पुढे गेलं तर गुण वजा होतो, आणि पुरळ आधी, औषध नंतर असेल तर ते औषध बाद. मग बघायचं की लाल रेघेच्या दिवशी ते औषध शरीरात होतं का. शेवटी, त्या औषधाची अशी ख्याती आहे का.

आता रात्रपाळी यांचं बाळ.

मेरोपेनेम, व्हॅन्कोमायसिन: तीनच दिवस. पहिल्यांदाच मिळत असलेल्या औषधाला ही प्रतिक्रिया उभी करायला इतका कमी वेळ सहसा पुरत नाही. शिवाय बाळ तेराव्या दिवशी मलूल झालं म्हणूनच ती आली. मलूल होणं हीच पहिली खूण ठरली तर ती दोन्ही यादीतूनच जातात.

अँपिसिलिन: सुरुवातीपासून १५ दिवस, पण पाचव्या दिवशी बंद. या बाळात त्याचं अर्ध-आयुष्य फार तर काही तासांचं, दहा दिवसांनी काही उरत नाही.

कॅफिन: १५ दिवस, शरीरात आहे, पण अशी ख्याती नाही. आणि ते काढलं तर बाळ श्वास सोडेल.

फ्लुकोनाझोल: १३ दिवस, विरळ नोंदी आहेत, आणि ते प्रतिबंधापुरतं चालू आहे. थांबवायला अडचण नाही.

फेनोबार्ब: १४ दिवस, शरीरात भरपूर, आणि टेनच्या ज्ञात कारणांत अगदी वरचं.

पाळणाघर_डॉक | बुधवार, सकाळी ९:४०

म्हणजे फेनोबार्ब आजच बंद, फ्लुकोनाझोल बंद, कॅफिन चालू, मेरोपेनेम-व्हॅन्को कल्चर येईपर्यंत चालू, आणि ४८ तासांत काही उगवलं नाही तर तेही बंद. सर, आता आपलं एकमत आहे ना?

त्वचा_कोकण | बुधवार, सकाळी १०:०५

आहे. एक भर. फेनोबार्बच्या जागी फेनिटॉइन किंवा फॉसफेनिटॉइन देऊ नका. दोन्ही त्याच कुटुंबातली, रासायनिक रचनेत सुगंधी (ॲरोमॅटिक) वलय असलेली, एकाला प्रतिक्रिया तर दुसऱ्यालाही येऊ शकते. कार्बामाझेपिनही त्यातच. त्याऐवजी झटक्यांवर लेव्हेटिरासिटाम २० ते ४० मिग्रॅ प्रति किलो, मधल्या झटक्याला मिडाझोलाम.

थेंबथेंब | बुधवार, सकाळी १०:३०

आणि 'बंद केलं' म्हणजे गेलं असं नाही. पहिल्या आठवड्यात फेनोबार्बचं अर्ध-आयुष्य शंभर तासांच्या वर असतं, चौथ्या आठवड्याच्या सुमारास साधारण ७० तास. शंभर धरलं तर पाच पट म्हणजे ५०० तास, तीन आठवडे. बंद केल्यावर आठवडाभर साल वाढत राहिली तर 'चुकीचं औषध काढलं' असा निष्कर्ष काढू नका. रक्तातली पातळी मोजा, ती खाली येताना दिसते.

याची दुसरी बाजू दिलासा देणारी. झटक्यांपासूनचं संरक्षणही एकदम संपत नाही, हळूहळू उतरतं. म्हणून एकाएकी थांबवता येतं.

अबोली_फुलं | बुधवार, सकाळी ११:००

आई स्वतः फिटसाठी फेनोबार्ब घेत असेल तर?

थेंबथेंब | बुधवार, सकाळी ११:१५

फार महत्त्वाचा प्रश्न. ते दुधातून जातं. मग बाळाचं औषध बंद करूनही थोडं थोडं मिळत राहतं. आईचं औषध तिने आपणहून थांबवायचं नाही, तिच्या न्यूरोलॉजिस्टशी बोलून दुसऱ्यावर न्यायचं, आणि तोवर दुधाचा निर्णय डॉक्टरांनी. दूधपेढीतलं दूध असेल तर उत्तम.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:२०

आता शुश्रूषा. इथे सविस्तर लिहिते, कारण बाळ वाचतं ते यावर.

कातडी किती गेली ते बाळाच्या स्वतःच्या तळहाताने मोजायचं, बोटांसकट तळहात म्हणजे जवळपास एक टक्का. मोठ्यांचा नऊचा नियम (अंगाचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग पाडून मोजणं) चालत नाही, या वयात नुसतं डोकंच सुमारे १९ टक्के. नुसती लाली मोजायची नाही, सुटलेली आणि सुटणारी तेवढी. दहाच्या आत स्टीव्हन्स-जॉन्सन, तीसच्या वर टेन, मधलं ते मधलं.

फोडाचं छप्पर कापायचं नाही. ताणलेला असेल तर निर्जंतुक सुईने पाणी काढून छप्पर तसंच बसू द्यायचं, त्याहून चांगलं ड्रेसिंग नाही. वर सिलिकॉनची न चिकटणारी जाळी, ती नसेल तर व्हॅसलिनचा गॉज, त्यावर मऊ गॉज, आणि जाळीदार पट्टीने बांधणं. टेप कुठेच नाही. जाळी रोज काढू नका, वरचा गॉजच बदला. जाळी उचलली की उगवलेली नवी कातडी तिच्याबरोबर येते.

सुईची जागा शाबूत कातडीवर शोधायची, पट्टीने बांधायची. सॅच्युरेशनचा प्रोब दर दोन ते चार तासांनी हलवायचा. पेटीतली आर्द्रता ७० ते ८० टक्के, पाणी निर्जंतुक आणि रोज बदललेलं, नाहीतर त्याच टाकीत स्यूडोमोनास हा जंतू वाढतो.

ड्रेसिंगचा प्रत्येक गॉज वापरण्याआधी कोरडा वजन करून वहीत लिहा. काढल्यावर पुन्हा वजन करा. फरक म्हणजे जखमेतून गेलेलं पाणी. आणि बाळाचं वजन घेताना अंगावरचं ड्रेसिंग वजा करायला विसरलं तर ६० ग्रॅमची 'वाढ' दिसते आणि पाणी कमी केलं जातं. असं झालं की सोडियम चढतं.

पाळणाघर_डॉक | बुधवार, दुपारी ३:००

त्या पाण्याला उष्मांकांचीही किंमत आहे. १ ग्रॅम पाणी उडून जायला ०.५८ किलोकॅलरी. एक किलोच्या बाळाच्या कातडीतून दिवसाला ६० मिली उडालं तर ३५ किलोकॅलरी फक्त बाष्पात, दिवसभराच्या गरजेच्या पाव हिश्शाहून जास्त. म्हणून आर्द्रता ही चैन नाही. सोडियम दर सहा-आठ तासांनी, लघवी दर तासाला प्रति किलो १ मिलीच्या वर.

प्रतिबंधक अँटिबायोटिक नको, पण कल्चर वारंवार. वेदनेला फेंटानिल किंवा मॉर्फिन, ड्रेसिंगच्या आधी द्यायचं, नंतर नाही. वेदनेचा स्कोअर लिहिला गेला पाहिजे, निपचित पडलेलं बाळ म्हणजे दुखत नसलेलं बाळ नव्हे.

सह्यकडा | बुधवार, दुपारी ३:३५

आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन? स्टेरॉइड?

त्वचा_कोकण | बुधवार, सायंकाळी ५:००

मुलांत आयव्हीआयजी साधारण रोज १ ग्रॅम प्रति किलो, तीन दिवस, असं दिलं जातं. फायद्याचा पुरावा कमकुवत आहे, आणि नवजातांत तर एकेका रुग्णाच्या नोंदींवरच सगळं चाललंय. पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर १ ग्रॅम म्हणजे २० मिली प्रति किलो, हा भार हृदयाला पेलतो का ते आधी बघा. स्टेरॉइडबद्दल मी या वयात हात आखडता घेतो. जंतुसंसर्ग वाढतो, आणि इंडोमेथासिन किंवा आयबुप्रोफेन चालू असेल तर आतडं फुटण्याचा धोका आहे. पैसे मर्यादित असतील तर ते आधी सिलिकॉन जाळीवर आणि चोवीस तास एका बाळामागे एका सिस्टरवर खर्च व्हावेत.

डोळ्यांचे डॉक्टर मात्र पहिल्या २४ तासांत हवेत. पापणी आणि बुबुळ एकमेकांना चिकटले तर कातडी बरी होऊनही नजर जाते. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं वंगण दर दोन तासांनी. आरओपीची (कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराची) तपासणी करणारेच आले असतील तर दोन्ही एकदम बघून घ्या.

गोदाकाठ | बुधवार, रात्री ८:१५

रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढल्या असतील तर ड्रेस (पुरळासोबत आतल्या अवयवांवरही परिणाम करणारी औषधाची प्रतिक्रिया) म्हणायचं का?

पाळणाघर_डॉक | बुधवार, रात्री ८:४०

एवढ्यावरून नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत वजन वाढू लागलं की इओसिनोफिल तसेही वाढतात. यकृताची एन्झाइम, सूज, लिम्फच्या गाठी, विचित्र लिम्फोसाइट हे बरोबर असेल, आणि औषध सुरू होऊन दोन ते आठ आठवडे झाले असतील तर विचार करा.

थेंबथेंब | गुरुवार, सकाळी ८:३०

नोंद करायला विसरू नका. भारतात औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून आहे, केंद्र गाझियाबादला. निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. संशय पुरेसा आहे, सिद्ध करावं लागत नाही. बाळाची आद्याक्षरं आणि वय, काय झालं आणि कधी, कोणतं औषध, आणि कळवणारा कोण, एवढ्या चार गोष्टींवर नोंद घेतली जाते. नवजातांच्या नोंदी इतक्या थोड्या आहेत की तुमची एकसुद्धा मोलाची आहे. फॉर्मला तो रेघांचा कागद जोडा.

सह्यकडा | गुरुवार, सकाळी ९:१०

बॅच नंबरही विचारतात. अँप्युल तर केव्हाच कचऱ्यात गेलेली असते.

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ९:३०

फार्मसीच्या इंडेंट वहीत मिळतो. आणि डिस्चार्ज कार्डावर 'औषधाची ॲलर्जी' एवढंच लिहू नका. मराठीत, मोठ्या अक्षरांत: 'फेनोबार्बिटोनने कातडी सुटली होती. हे औषध, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन पुन्हा देऊ नये.' आईच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो आणि लसीकरणाच्या कार्डाच्या आतल्या पानावर तीच ओळ. डिस्चार्ज कार्ड हरवतं, लसीचं कार्ड शाळेत जाईपर्यंत जपलेलं असतं.